लेकीला न सांगता कुंडीत नर्सरीचं रोप लावून टाकू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३८, सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचं काम. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरी पश्चिमेला. चौथीतल्या लेकीनं कुठल्यातरी व्हिडिओत भोकाच्या पानांचं झाड, म्हणजे मॉन्स्टेरा, बघितलं आणि तेच पाहिजे, तेही बीपासून, असा हट्ट धरला. मार्च अखेरीला ऑनलाइन ११४० रुपयांच्या बिया मागवल्या: 'निळा मॉन्स्टेरा' ५० बिया, गुलाबी अँथुरियम आणि रंगीत पानांचं कोलियस. बागेतली काळी माती आणि शेणखत कालवून ट्रे भरला, वर प्लास्टिकचं झाकण, गॅलरीत ठेवला, दिवसातनं तीन वेळा स्प्रे. मॉन्स्टेरा आणि अँथुरियमचं दोन महिने झाले तरी काही नाही. कोलियस नवव्या दिवशी तीस-बत्तीस उगवली आणि पुढच्या चार दिवसांत एकेक करून आडवी झाली. लेक त्या रात्री जेवली नाही. बायको म्हणते पैसे घालवायचं बंद करा. आई म्हणते आपल्या घराला झाडाचा हातगुणच नाही. वडील आयुष्यभर मागावर होते, ते काहीच म्हणत नाहीत. आता बियांखाली ठेवायची गरम मॅट आणि दिवा असा ५८०० चा सेट घ्यावा का, सगळं सोडून द्यावं, की रात्रीत नर्सरीतलं छोटं रोप आणून ट्रेमध्ये लावावं आणि सकाळी 'बघ, आलं' म्हणावं?

उत्तर:

दादा, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे आजची रात्र तरी तुम्हाला झोप लागेल. गुपचूप रोप लावू नका. खोटं बोलणं वाईट वगैरे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहितीच आहे. माझी अडचण साधी आहे, तुम्ही पकडले जाल. नर्सरीतली घरात ठेवायची बरीच रोपं कुंडीतनं काढली ना, की मुळांभोवती पांढरी नाहीतर काळी बारीक जाळी असते, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुश्याची, वडी असते तिची. आणि चौथीतली पोरगी म्हणजे तिसऱ्या दिवशी उकरून बघणारच. ती जाळी चिमटीत धरून तुमच्यापुढं उभी राहिली आणि 'बाबा, बी जाळी घालून उगवतं का?' म्हणाली तर काय सांगणार आहात?

रोप आणायला माझी ना नाही हां. उघड आणा, तिला घेऊन जा नर्सरीत, तिलाच निवडू द्या. पण ते 'विकत आणलेलं' म्हणून घरात येऊ दे आणि पेरलेलं वेगळं राहू दे.

आता मूळ गोष्टीकडं येते. तुमचं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलं. लेकीबद्दल त्यात चार-पाच ओळी आहेत. बाकी सगळं तुम्ही रात्री दीड वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले, ऑफिसमधनं फोन करून ट्रे बघायला लावलं, स्वप्नात ट्रे दिसला, हे आहे. म्हणजे जास्त कोण रडलंय ते मला कळलंय. त्यात काही वाईट नाही, पण मग निर्णय घेताना लेकीच्या नावावर घेऊ नका. ती एक रात्र जेवली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाल्ले असणार की. आठवून बघा, दुसऱ्या दिवशीचं तुम्ही लिहिलेलंच नाही.

आणि ते हातगुणाचं. आईंना काही बोलू नका, त्यांच्या पिढीचा तो शब्द आहे, पण तुम्ही तरी तो मनावर घेऊ नका. कारण तुमच्या पत्रातच तीन वेगवेगळे गुन्हेगार बसलेत आणि त्यात तुमचा हात कुठंच नाही. एकेकाला धरून आणते.

पहिला, तो निळा मॉन्स्टेरा. निळा मॉन्स्टेरा जगात नाही हो. हिरवा असतो, काहींच्या पानावर पांढरे-पिवळट चट्टे असतात, बास. आणि तुम्ही लिहिलंय की बिया 'तिळाएवढ्या, काळ्या, चपट्या' होत्या. मॉन्स्टेराची बी वाटाण्याच्या आसपास जाते, फुगीर, फिकट हिरवट-तपकिरी. म्हणजे पाकिटात काय आलं होतं ते पाठवणाऱ्यालाच माहीत, मॉन्स्टेरा नक्की नव्हता. तुम्ही दोन महिने जे उगवायची वाट बघताय ते तिथं पेरलेलंच नाही! चट्ट्याच्या रोपांचं पण सांगून ठेवते, ती रोपं फांदीच्या तुकड्यापासनं नाहीतर टिश्यू कल्चरनं, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासनं, वाढवतात, बीतनं तो चट्टा जसाच्या तसा उतरेल याचा भरवसा नसतो. त्यामुळं रंगीत फोटोवर बी विकणारा दिसला की सरळ पुढं जायचं. मनीप्लँटच्या बिया विकणारे पण आहेत, त्यांची तर मला कमाल वाटते, कारण मनीप्लँटला आपणहून फुलच जवळपास येत नाही, फूल यायला जे जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं ते बनवण्यातच त्या झाडात बिघाड आहे. फूल नाही तर बी कुठली? तुमच्या-माझ्या दारात जो वेल आहे तो कुणाच्यातरी वेलाचा तुकडा, तो अजून कुणाच्या वेलाचा, असं करत करत आलेला आहे.

बरं, खरी मॉन्स्टेराची बी आली असती तरी? तरीही बहुतेक उगवली नसती, आणि हे जरा नीट समजून घ्या कारण घरातल्या झाडांच्या बियांत नवखा माणूस इथंच फसतो. आपल्या डोक्यात बी म्हणजे ज्वारी. वाळवायची, पोत्यात भरायची, पूर्वी तर जमिनीतल्या पेवात ठेवायचे, वर्षानं काढली तरी पेरली की उगवते. आपल्या कोरड्या मुलखातल्या पिकांचं बी तसं असतं, थांबणारं. पण जिथं बारा महिने पाऊस आणि चिखल, तिथल्या पुष्कळ झाडांच्या बीला थांबायचं माहीतच नाही, पडली की ओल्या पाल्यात लगेच कोंब. वाळली की मेली. फणसाची आठळी आठवा, फणस खाल्ल्यावर तशीच ओली लावली तर पटकन येते आणि उन्हात वाळवली तर महिन्यानं भाजीला चालेल, झाडाच्या कामाची नाही. जांभळाचं तसंच. मॉन्स्टेरा, अँथुरियम ही सगळी त्या जातीची. फळातनं काढली, गर धुतला, लगेच पेरली तर येतात. कुठल्यातरी गोदामात दोन महिने आणि पाकिटात दोन महिने काढून कुरिअरनं एप्रिलच्या उन्हात सोलापूरला पोचलेली अँथुरियमची बी म्हणजे प्रेत आहे दादा, तिला तुम्ही रोज तीन वेळा पाणी पाजत होता.

म्हणून बी विकत घेताना भाव नंतर विचारा, आधी विचारा की फळातनं कधी काढलंय आणि कशात गुंडाळून पाठवणार. ओल्या कोकोपीटमध्ये नाहीतर शेवाळात गुंडाळून पाठवतो म्हणाला तर त्याला काहीतरी कळतंय. 'दोन वर्षं टिकते' म्हणाला तर नमस्कार करा.

दुसरा गुन्हेगार, कोलियसची रोपं पाडणारा. कोलियस तुमचं आलं होतं की! तीस-बत्तीस रोपं नवव्या दिवशी, म्हणजे पहिल्याच वेळेला तुम्ही उत्तम पेरलं, हे कुणी तुम्हाला सांगितलंच नाही. नंतर ती जमिनीलगत बारीक, पाणचट होऊन आडवी झाली, वरची पानं मात्र एक दिवस हिरवीच होती, असं तुम्ही लिहिलंय. कांद्याचं रोप टाकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो बघताक्षणी सांगेल, रोपं कोलमडलीत. मातीतल्या बुरश्या असतात, पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे, त्या देठालाच खातात. आणि तुम्ही त्यांना काय काय दिलं बघा, काळी माती जी पाणी धरून बसते, त्यात नीट न कुजलेलं शेणखत, वर दिवसभर बंद झाकण, आणि तीन वेळा स्प्रे. बुरशीसाठी याच्यापेक्षा चांगला लॉज कुठं मिळणार? एकदा रोपं पडायला लागली की ती उभी करायचं औषध नाही, त्यामुळं तुम्ही त्या चार दिवसांत काहीही केलं असतं तरी फार वाचली नसती. हे सगळं पेरायच्या आधी करायचं काम आहे.

तिसरा गुन्हेगार म्हणजे पश्चिमेची गॅलरी. इथं माझीच गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटायला नको. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अडेनियमच्या साठेक बिया टाकल्या, सहाव्या दिवशी सगळ्या वर, जाड जाड कोंब, मला आकाश ठेंगणं झालं. ट्रे गच्चीवर, वर मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण. एप्रिल महिना. दुपारी एका लग्नाला गेले, साडेतीनला आले आणि झाकण उचललं तर वाफ आली हो, भाजी शिजल्याचा वास, आणि सगळे कोंब शिजलेल्या शेवयांसारखे आरपार दिसत होते. साठच्या साठ. वाळवंटातलं झाड ते, उन्हाला कधी हरत नाही, त्याला मी झाकण घालून उकडलं. तुमच्या गॅलरीत मार्च-एप्रिलला दुपारी दोनपासनं सहापर्यंत ऊन येतं असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या उन्हात झाकणाखाली तीस-बत्तीस उगवली हीच कमाल!

आता त्या ५८०० च्या सेटबद्दल. हे व्हिडिओ कुठले आहेत ते बघा जरा. बोलणाऱ्याच्या अंगात स्वेटर असतो, खिडकीबाहेर बर्फ असतो. त्यांच्या घरात माती १५-१६ अंशांवर असते आणि या बियांना लागतात साधारण २४ ते २९. म्हणून ते खालनं गरम करतात, बरोबरच करतात. आपल्याकडं मे महिन्यात रात्री बाराला घरात भिंती गरम लागतात, पंखा गरम हवा फेकतो, तिथं पैसे देऊन अजून गरम करायचं? सोलापुरात गरमी फुकट आहे, इथं कमी पडते ती ओल. दिवा पण नको, पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी असेल तर तेवढा उजेड पुरतो, आणि अगदीच अंधारं घर असलं तर साधी पांढरी एलईडी ट्यूब ट्रेवर वीतभर उंचीवर बांधा, काम होतं.

आणि ओलीवरनं आठवलं, तुमच्या घरात एक माणूस आहे ज्याला या विषयातलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि तो गप्प बसलाय. वडिलांना विचारा, उन्हाळ्यात मागावर सुताचा धागा का तुटायचा. ते सांगतील. हवा कोरडी पडली की सुती धागा कडक होतो आणि तटातट तुटतो, म्हणून शेडमध्ये जमिनीवर पाणी मारायचं, दारं-खिडक्या बघून उघडायच्या. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जे जुने खड्डा माग होते त्यात विणकर जमिनीत पाय सोडून बसायचा, ताणा जमिनीच्या जवळ, जमिनीचा गारवा आणि ओल धाग्याला मिळायची. धाग्याला किती ओल लागते आणि कुठं ती जास्त होऊन सूत मऊ पडतं हे हाताला कळणारी माणसं ही. त्यांना सांगा की अप्पा, हा ट्रे म्हणजे छोटी शेड आहे, हवा बघा. रोज सकाळी झाकणाला आतनं दव किती धरलंय ते तेच बघतील. बारीक दव असलं तर ठीक, थेंब ओघळत असतील तर झाकण कलतं करायचं, काहीच नसेल तर पाणी पाजायचं.

आता काय करायचं ते सांगते, आणि तुमच्यासारखे अजून बरेच जण लिहितात, त्यांनीही हे वाचावं.

सगळ्यात आधी जुना ट्रे फेकू नका. रविवारी लेकीला घेऊन बसा, वर्तमानपत्र पसरा आणि ट्रे उलटा करा. सापडतील तेवढ्या बिया टूथपिकनं वेगळ्या करायला लावा आणि दोन बोटांत दाबून बघायला सांगा. टणक असेल तर नखानं कापून आत बघा, पांढरं आणि घट्ट असेल तर ती अजून जिवंत असू शकते, आत तपकिरी पाणी नाहीतर भुसा निघाला तर संपलं. मुलांना हे रडवणारं वाटत नाही, उलट शवविच्छेदन म्हटलं की पोरं जेवण सोडून येतात. तिला कळेल की बाबा हरले नाहीत, बीच रिकामी होती.

मग महिना. जूनचा पहिला चांगला पाऊस पडू द्या, हवा जरा मऊ होऊ द्या, आणि मग पेरा. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरला असतो, त्यामुळं जूनच्या मध्यापासनं ऑगस्ट संपेपर्यंत पेरलेल्या रोपांना पुढं दोन-अडीच महिने बरी हवा मिळते. दुसरी संधी फेब्रुवारीत. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला पेरू नका, रात्री गार असतात, बी नुसती बसून राहते आणि कुजते. आणि एप्रिल-मेला पेरायचंच असेल तर कूलरच्या खोलीत, पण कूलरच्या तोंडासमोर नाही, बाजूला. कूलर खोलीत जी ओल सोडतो ती आपल्याला नकोशी होते, रोपाला आवडते. माझे ट्रे मे महिन्यात माठाच्या तिवईखाली असतात, उजेड बेताचा पण गारवा एक नंबर, कोंब दिसला की खिडकीत.

बी पेरताना माती वापरायचीच नाही. कोकोपीटची वीट आणा, भिजवा, आणि दोन-तीन पाण्यानं धुऊन पिळून घ्या, कारण त्यात मीठ असतं आणि आपल्याकडं आधीच बोअरचं पाणी क्षाराचं. तीन वाटे कोकोपीट, एक वाटा धुतलेली जाड वाळू. खत अजिबात नाही, बीच्या पोटात तिचा डबा असतो. पहिली दोन पानं ही तिची शिदोरी, त्यानंतर जी जोडी येते ती खरी पानं, ती दोन-चार दिसली की चाळलेल्या गांडूळखताच्या मिश्रणात हलवायचं. हलवताना रोप पानाला धरून उचला, देठाला नाही, पान तुटलं तर दुसरं येतं. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर मिळते, ती ओल्या कोकोपीटमध्ये थोडी मिसळून ठेवली तर रोपं कोलमडवणाऱ्या बुरशीला जागा कमी मिळते.

डबा श्रीखंडाचा घ्या, मिठाईचा घ्या, खाली गरम सुईनं आठ-दहा भोकं. पाणी वरनं नाही. परातीत दोन बोटं पाणी घ्या, त्यात डबा दहा मिनिटं ठेवा, खालनं ओल चढते, वरचा थर ओलसर दिसला की उचला. हे एवढं जमलं तर स्प्रेची बाटली कपाटात टाकली तरी चालेल. पाणी उजनी धरणाचं, नळाचं, भरून ठेवलेलं चालतं, पावसाचं असलं तर सोनं, एसीच्या नळीतनं ठिबकतं ते पण चांगलं, पण आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी रोपाला नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात, त्यानं फरशी पुसा. झाकण पहिला कोंब दिसेपर्यंत बंद, दिसला की त्या दिवसापासनं थोडं थोडं उघडं, आठवड्यात पूर्ण काढायचं. तुमचं इथंच चुकलं होतं, उगवल्यावर पण झाकण तसंच राहिलं.

काय पेरायचं? कोलियस परत पेरा, माझा आग्रह आहे, कारण ते तुम्हाला येतं हे सिद्ध झालंय. बी अगदी बारीक असते, ती कोकोपीटमध्ये पुरायची नाही, वर भुरभुरून बोटानं हलकं दाबायचं, तिला उगवायला उजेड लागतो. पन्नास नको, पंधरा-वीसच टाका, दाटी झाली की बुरशी पळत एकाकडनं दुसऱ्याकडं जाते. लेकीसाठी लाजाळू. हात लावला की मिटते म्हणजे पोरीच्या मैत्रिणी घरी येणार. लाजाळू मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली, आपल्याकडं रान म्हणून माजलीय. बीचं साल टणक, म्हणून आंघोळीच्या गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायची, फुगलेल्या तेवढ्या पेरायच्या, आठ-पंधरा दिवसांत येते.

अडेनियमची बी मिळाली तर नक्की, आमच्या गल्लीत दोन-तीन घरी शेंगा धरतात. या आपल्या चटणीच्या भुईमुगाच्या शेंगा नव्हेत हां, बैलाच्या शिंगासारख्या जोडीनं येतात. पिकत आल्या की दोरा गुंडाळून ठेवावा लागतो, नाहीतर एक दिवस सकाळी उठावं तर शेंग फुटून दोन्ही टोकांना म्हाताऱ्या लागलेल्या बिया गल्लीभर उडालेल्या. ताजी असली तर आठवड्याच्या आत उगवते. तुमच्या पश्चिमेच्या गॅलरीत मोठं झाल्यावर तेच झाड टिकेल, आणि त्याला घरात ठेवायचा हट्ट करू नका, ऊन लागतं त्याला. फक्त त्याचा चीक विषारी असतो, लेकीला हात धुवायला लावा.

आणि कुणाच्या बंगल्यात अरेका पामला पिवळी-केशरी फळं धरलेली दिसली तर विचारून मूठभर मागून आणा. गर चोळून काढा, दोन दिवस पाण्यात, मग पेरा आणि विसरून जा. एक ते तीन महिने काहीही दिसत नाही. ज्याच्यात दम आहे त्यानंच करावं, तुम्ही रात्री दीडपर्यंत जागणारे आहात, तुमच्यासाठी पहिल्या वर्षी नको खरं तर.

मॉन्स्टेराचं काय, असं लेक विचारेल. तिला खरं सांगा, की बीपासनं लावलं तरी पहिली कितीतरी पानं साधी, बदामाच्या आकाराची, बिनभोकाची येतात, भोकं दिसायला दोन-तीन वर्षं जातात, म्हणजे ती सातवीत जाईल. आणि फळ पिकायलाच वर्षभर लागतं, त्यामुळं ताजी बी आपल्या गावात मिळणं अवघड. नर्सरीवाल्यानं तरी कुठं बी पेरलंय? घरात ठेवायची झाडं बहुतेक फांदीच्या तुकड्यापासनं नाहीतर टिश्यू कल्चरनं तयार होतात, करमाळा-टेंभुर्णीकडची जी-नाईन केळी लावतात तशीच. तेव्हा मॉन्स्टेरा विकत आणायला कमीपणा काही नाही. आणलात की एक सांभाळा, मॉन्स्टेरा, अँथुरियम, मनीप्लँट हे सगळे अळूचे भाऊबंद. अळू नीट शिजलं नाही तर घसा कसा खाजतो, तेच बारीक स्फटिक यांच्या पानात असतात, आणि इथं चिंच टाकून शिजवायचा पण प्रश्न नाही, तोंडात घालायचंच नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल त्यांनी उंचावर ठेवा.

सोडून द्यायचा पर्याय पण मी बाद करत नाही. हॉल हिरवा दिसावा एवढीच इच्छा असेल तर बी पेरणं हा सगळ्यात लांबचा रस्ता आहे, बायको बरोबर बोलतायत, दोन कुंड्या आणा आणि मोकळे व्हा. पण तुम्ही ट्रेचं स्वप्न बघणारा माणूस. तुम्हाला झाड नकोय, उगवताना बघायचंय. तर मग खर्चाची हद्द घालून घ्या, पावसाळाभर तीनशे रुपये, कोकोपीट धरून, आणि तो हिशेब बायकोच्या हातात द्या. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांचेच हिशेब करता, एक दुसऱ्याला करू द्या.

एक शेवटची युक्ती, ही नवख्यांनी प्रत्येक वेळी करावी. प्रत्येक डब्याच्या एका कोपऱ्यात घरातल्या डब्यातले दहा मेथीदाणे टाका. मेथी तीन-चार दिवसांत यायला पाहिजे. मेथी आली आणि बाकी काही आलं नाही, तर तुमचं पाणी, ओल, जागा सगळं बरोबर आहे, बी खोटी किंवा मेलेली किंवा नुसतीच हळू आहे, तुम्ही निवांत झोपा. मेथी पण आली नाही तर मला लिहा, डबा कुठं ठेवला होता ते आणि दुपारी तीनला तिथं हात लावल्यावर किती गरम लागतं ते. आणि मेथी बोटभर झाली की मुळासकट उपटू नका, बाजूच्या बारीक रोपांची मुळं हलतात, कात्रीनं कापा आणि वरणात टाका.